साधा फोन घेतला, त्याच्या नोंदी

४ जानेवारी

स्मार्टफोन सोडून बटणांचा साधा फोन वापरायचं ठरवलंय. का, यावर पानभर लिहीत बसत नाही. फोनच्याच सेटिंगमध्ये रोजचा सरासरी वापर चार तास चाळीस मिनिटं दिसला, तेवढं कारण पुरे. पुढे ढकलायला निमित्त मिळू नये म्हणून तारीखही ठरवून टाकली: १ फेब्रुवारीला सिम हलवायचं.

आज एवढंच केलं. खिशात घडी घातलेला कागद ठेवला आणि फोन बाहेर काढला की कशासाठी काढला, ते त्यावर खरडत गेलो.

६ जानेवारी

दोन दिवसांत ४३ ओळी झाल्या. त्यातल्या चौदा ओळींपुढे नुसतं ‘उगाच’ लिहिलंय. प्रत्यक्ष बोलण्यासाठी फोन पाच वेळा काढला. गजर, टॉर्च, कॅल्क्युलेटर ही कामं साधा फोनही करतो, त्यांची चिंता नाही. खरी अडचण दहा-बारा ओळींची आहे: बँकेचा ओटीपी, बँकेचं ॲप, ऑफिसच्या लॉगिनचा सहा आकडी कोड, तिकिटाचा क्यूआर, नकाशा, व्हॉट्सअ‍ॅप. इतकी वर्षं मी खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन हिंडत होतो आणि त्याला फोन म्हणत होतो. म्हणजे महिनाभरातलं मुख्य काम किल्ल्या सोडवायचं. फोन निवडणं त्यामानाने किरकोळ.

(हे किरकोळ नव्हतं, ते चार दिवसांनी कळलं.)

१० जानेवारी

पहिला फोन फुकट गेला. दिसायला झकास, बटणं मऊ, हातात घेतल्यावर जुने दिवस आठवले आणि त्या भरात खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीच नाहीत. फोन फक्त २जी. सिम घातल्यावर पडद्यावर ‘नो सर्व्हिस’, आणि ते काही केल्या हलेना. दीड तास मी सिम काढतोय, पुसतोय, पुन्हा घालतोय. शेवटी फोन कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारलं, तर माझ्या नेटवर्कचं २जी कधीच बंद झालेलं.

नवीन करणाऱ्यांसाठी सांगतो. जुनी जाळी जगभर गुंडाळली जातायत. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी २०२२ मध्येच ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं. तेव्हा साधा फोन घ्यायचा तर ४जीचाच. आणि नुसतं ‘४जी’ लिहिलेलं पाहून भागत नाही, ‘व्होल्टे’ (४जीवरूनच बोलायची सोय) आहे का ते बघा. ४जीच्या जाळ्यात आवाजासाठी वेगळी वाट नसते. कॉल व्होल्टेवरून जातो, नाहीतर फोन मुकाट्याने २जी-३जी शोधायला लागतो. ते नसेल तर इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही, असला उफराटा प्रकार होतो. तिसरी गोष्ट बँडची, म्हणजे फोन ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर चालतो त्यांची. खोक्यावरचे बँडचे आकडे आणि आपल्या कंपनीचे आकडे जुळवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही, म्हणून एका फोनचे पैसे गेले. तो फोन आता उशाशी गजरापुरता आहे.

१४ जानेवारी

दुसरा फोन आला. ४जी, व्होल्टे, बॅटरी काढता येणारी.

यातही एक फाटा होता. काही साध्या फोनांत कायओएस नावाची प्रणाली असते, त्यात थोडीफार ॲप चालतात. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप मिळायचं म्हणून बरेच जण तोच फोन घ्या म्हणून सांगतात. ते सल्ले जुने झाले: तिथे व्हॉट्सअ‍ॅप नव्याने उतरवून घेणं जून २०२४ मध्ये बंद झालं. आणि मला पळायचं होतं त्याच्याचपासून. म्हणून ॲप नसलेला घेतला.

सिमनं घोळ घातला. माझं सिम नॅनो, १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. या फोनची खाच जुन्या मोठ्या सिमची, २५ बाय १५ची. मधे प्लास्टिकची चौकट लागते, म्हणजे अडॉप्टर. तो जवळ होता. सिम त्यात बसवलं, सरकवलं, आणि अर्ध्या वाटेत नॅनो सिम चौकटीतून निसटून आत तिरकं झालं. ओढावं तर चौकट आतल्या पिनांना अडकते. जोर लावला असता तर पिना वाकल्या असत्या आणि दुसराही फोन गजराचा झाला असता. फोन पालथा धरला, जुन्या फोटोच्या कडेची एक पातळ पट्टी कापली, ती सिमच्या वरून हळूच सारली, आणि पट्टीसकट चौकट बाहेर आली. पाऊण तास गेला. दुसऱ्या खेपेला सिमच्या पाठीवर, सोनेरी बाजू सोडून, चिकटपट्टीचा तुकडा लावून ते चौकटीला घट्ट केलं. बसलं. रिकामा अडॉप्टर खाचेत चुकूनही घालू नका, त्याची रिकामी जागा पिनांना हमखास पकडते.

ज्यांचं ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच भरलेलं सिम) आहे त्यांनी आधी कंपनीकडून प्लास्टिकचं सिम मागवा. असल्या फोनांत ई-सिम सहसा नसतं.

आज फक्त सिम बसतंय का ते पाहिलं. काढून परत स्मार्टफोनमध्ये घातलं.

१५ ते १७ जानेवारी

नंबर हलवणं. वाटलं होतं अर्धा तास, गेल्या तीन संध्याकाळी.

जुन्या फोनमध्ये ६१२ नंबर. सगळे एका व्हीसीएफ, म्हणजे व्हीकार्ड पद्धतीच्या फाइलमध्ये काढले आणि ब्लूटूथने पाठवले. फोन चाळीसएक नंबरांवर अडकला आणि बंद पडला. कारण सापडायला एक संध्याकाळ गेली: फाइलमध्ये लोकांचे फोटोही आले होते. एकेका फोटोची हजारो अक्षरं, बिचारा फोन ती गिळायला बघत होता.

दुसऱ्या संध्याकाळी फोटो वगळून पुन्हा काढली. या वेळी सगळे नंबर गेले, पण नावांचा चिवडा. छोटी नावं नीट, लांब नावं अर्धवट. फाइल संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा कळलं. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या आवृत्तीत देवनागरी जशीच्या तशी लिहीत नाहीत. प्रत्येक अक्षराचे, आणि काना-मात्रेचेही वेगळे, तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट म्हणजे बरोबरचं चिन्ह (=) आणि पुढे दोन खुणा. दोन अक्षरांच्या ‘आई’ची तिथे अठरा चिन्हं झाली होती. नाव जरा लांबलं की ओळ मधेच तुटते आणि टोकाला एक बरोबरचं चिन्ह उरतं. पुढची ओळ याच नावाची आहे, असा त्याचा अर्थ. माझ्या फोनला तो अर्थ ठाऊक नव्हता. तो पहिली ओळ घ्यायचा आणि बाकीची सोडून द्यायचा. ३.० आवृत्तीत काढून पाहिलं, तर फोनने फाइल ओळखलीच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी हट्ट सोडला. सगळी यादी तक्त्यात टाकली आणि खालपर्यंत वाचत गेलो. ६१२ पैकी गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी बोललो असे किती? ८४. बाकीच्यांत एकदाच आलेला सुतार, सोडलेल्या नोकरीतले साहेब, आणि ‘नवीन नंबर २’ नावाचं कोणीतरी. ८४ जणांची नावं आखूड केली, म्हणजे ओळ तुटण्याचा प्रश्नच मिटला. ज्यांचे दोन नंबर होते त्यांच्या दोन नोंदी केल्या, कारण हा फोन एका नावाखाली पहिलाच नंबर ठेवतो. पाठवले, चार मिनिटांत सगळे आत. पूर्ण यादी संगणकावर जपून ठेवलीय, शिवाय कागदावर छापून.

सिमवर नंबर ठेवायचा विचारही मनात आला होता. सिमवर साधारण अडीचशे नंबर मावतात, पण नावाला जागा फार थोडी, आणि देवनागरी असेल तर ती आणखी घटते. तो नाद सोडला.

२० जानेवारी

रंगीत तालीम. नवीन फोनमध्ये जादाचं एक सिम घातलं आणि माझ्या नेहमीच्या नंबरवरचे कॉल तिकडे वळवले: स्टार स्टार २१ स्टार, नंबर, हॅश. आता स्मार्टफोन घरी ठेवून बाहेर पडता येईल. कॉल येतील, मेसेज येणार नाहीत. कॉल वळवल्याने एसएमएस वळत नाहीत. मला हे माहीत होतं, आणि तरीही दुपारी एका ओटीपीची दहा मिनिटं वाट पाहत उभा होतो.

२४ जानेवारी

चार दिवसांची तालीम बरी गेली. हात खिशाकडे जातो, फोन बाहेर येतो, अंगठा काचेवरून सरकवायला जातो आणि बटणांवर आपटतो. दिवसातून वीसेक वेळा तरी.

एक चूक: वळवलेले कॉल परत आणायला विसरलो आणि जादाचं सिम काढून ठेवलं. दीड दिवस कोणाचाच फोन नाही, मी आपला शांततेचं कौतुक करतोय. मग ताईचा ईमेल आला, “अरे तुझा फोन बंद का? जिवाला घोर लावलास.” हॅश हॅश ००२ हॅश केलं की वळवलेलं सगळं रद्द होतं. कागदावर लिहून भिंतीला लावलं.

२७ आणि २८ जानेवारी

किल्ल्या सोडवायचे दोन दिवस. या दोन दिवसांत घाई केली असती तर मी स्वतःच्याच खात्यांबाहेर उभा राहिलो असतो.

ओटीपी एसएमएसने येतो तिथे काही करायचं नाही, नंबर तोच आहे. प्रश्न होता दर तीस सेकंदांनी बदलणाऱ्या सहा आकडी कोडांचा. ते कोड नेटवरून येत नाहीत. एक गुप्त संख्या आणि घड्याळातली वेळ, एवढ्यावर फोन ते स्वतःच तयार करतो. पद्धत उघड आहे, २०११ पासून ठरलेली. म्हणून तीच गुप्त संख्या संगणकावर नेली की कोड तिथेही तेच येतात. अकरा खाती होती. प्रत्येकात जाऊन क्यूआर पुन्हा काढला, संगणकावरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये भरला, बाहेर पडून पुन्हा आत आलो आणि चालतंय याची खात्री केल्यावरच पुढच्या खात्याकडे वळलो. शेवटची पायरी नवव्या खात्याला कंटाळून टाळली. नेमकं तिथेच चुकलं होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. स्मार्टफोन अजून हाताशी होता म्हणून निभावलं.

प्रत्येक खात्याचे परतीचे कोड (नेहमीचा कोड मिळेनासा झाला तर आत शिरायचे) कागदावर लिहून पाकिटात घातले आणि पाकीट कपाटात. अकरा खात्यांना साडेपाच तास.

बँकेचं ॲप मात्र सुटलं नाही. बँकेची वेबसाइट चालते, पण काही व्यवहारांना ॲपमधली मंजुरीच लागते. म्हणून ठरवलं, स्मार्टफोन विकायचा नाही. तो सिमशिवाय घरच्या वायफायवर ड्रॉवरमध्ये राहील, जुन्या लँडलाइनसारखा: वापरायचा तर त्याच्यापाशी जायचं. ‘सगळं सोडलं’ म्हणणाऱ्यांना ही पळवाट वाटेल. असेल.

१ फेब्रुवारी

सिम हलवलं. पाच मिनिटं. ताई, आई, ऑफिस, दोन मित्र, सगळ्यांना कॉल करून पाहिले. आवाज स्मार्टफोनपेक्षा मोठा आणि स्पष्ट आहे, हे अनपेक्षित.

३ फेब्रुवारी

दोन दिवस काही जणांचे मेसेज गायब. ते म्हणतात पाठवले, त्यांच्याकडे ‘पोहोचला’ असंही दिसतंय, मला काहीच नाही. चूक माझी. स्मार्टफोनच्या मेसेज ॲपमध्ये आरसीएस (एसएमएसऐवजी नेटवरून मेसेज पाठवायची सोय) चालू होतं आणि ते बंद न करताच मी सिम काढलं. माझा नंबर अजून तिकडेच नोंदलेला, म्हणून दुसऱ्या आरसीएसवाल्यांचे मेसेज एसएमएस न होता नेटवरून ड्रॉवरमधल्या फोनकडे जात होते. ड्रॉवर उघडला तर नऊ मेसेज तिथे वाट बघत बसलेले. आरसीएस बंद केलं, संध्याकाळपर्यंत सुरळीत.

क्रम लक्षात ठेवा: आधी आरसीएस बंद, मग सिम काढणं. आयफोनवरून येणाऱ्यांसाठी हेच आयमेसेजच्या बाबतीत. विसरलात तर नंबर मोकळा करायला ॲपलने २०१४ पासून वेगळं वेबपान ठेवलेलं आहे.

५ फेब्रुवारी

गजर वाजला नाही. म्हणजे वाजला, पण सकाळी सव्वानऊला. रात्री सिमची चौकट नीट बसवायला बॅटरी काढली होती. बॅटरी काढली की या फोनचं घड्याळ मागे जातं, आणि नेटवर्कवरून वेळ घेण्याची सेटिंग मुळात बंदच येते. ती चालू केली. उशाशी तो २जीचा फोन होताच, पण त्याला चार्ज कोण करणार.

९ फेब्रुवारी

ओटीपी येईना. तिकीट काढायचं होतं. तीनदा, चारदा, सहादा मागवला. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाची बारीक खूण लुकलुकत होती, तिचा अर्थ ‘मेसेज आला’ असं मी आठवडाभर धरून चाललो होतो. तिचा अर्थ ‘जागा संपली’ असा आहे. माझ्या फोनमध्ये दोनशे एसएमएस मावतात आणि जाहिरातींनीच ते भरले होते. वीस जाहिराती खोडल्या मात्र, नेटवर्कने अडवून धरलेले सहाच्या सहा ओटीपी धडाधड येऊन पडले. सगळे शिळे. तिकीट गेलं.

आता दर रविवारी सगळे एसएमएस खोडतो. जाहिराती थांबवायची नोंदणीही केली, निम्म्याने तरी कमी झाल्या.

१२ फेब्रुवारी

मेसेज लिहिण्याबद्दल. देवनागरीत लिहायला बटण दोनदा, तीनदा, चारदा दाबावं लागतं, जोडाक्षराला मधे हलन्त वेगळा. ‘मी पोहोचलो’ लिहायला पहिल्यांदा सव्वा मिनिट लागलं, आता पंचवीस सेकंद. आणि जागा मोजून मिळते: एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६०, देवनागरी ७०. त्या सत्तरमध्ये काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं धरतात. ‘मी पोहोचलो’त डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, फोनच्या हिशेबी मधल्या जागेसकट दहा. ‘क्ष’ एकटा तीन खातो. सत्तरच्या पुढे गेलं की दोन एसएमएसचे पैसे. रोमनमध्ये लिहून मधे एकच शब्द देवनागरीत टाकला तरी सबंध मेसेजला सत्तरचाच हिशेब लागतो, हे बिल पाहून कळलं.

एक बरं झालं. माझे मेसेज आखूड झाले. लोक मला तुटक म्हणायला लागलेत.

१६ फेब्रुवारी

संगणकावरचं व्हॉट्सअ‍ॅप आज सकाळी आपोआप लॉग आउट. ड्रॉवरमधला फोन ३ तारखेला आरसीएस बंद केल्यावर मी पूर्ण बंद करून ठेवला होता. मुख्य फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चौदा दिवसांहून जास्त उघडलं नाही की जोडलेली सगळी उपकरणं बाहेर काढली जातात. आणि मी ते शेवटचं उघडलं होतं ३१ जानेवारीला! फोन चालू केला तर बॅटरीही मेलेली. चार्ज, पुन्हा जोडणी, जुने मेसेज उतरायला वेळ, मिळून दीड तास. आता दर रविवारी एसएमएस खोडायचे आणि ड्रॉवरमधलं व्हॉट्सअ‍ॅप एकदा उघडायचं, दोन्ही कामं एका ओळीत लिहून ठेवली.

२३ फेब्रुवारी

ताईशी वाजलं. घरच्या ग्रुपमधला निरोप मी रात्री संगणकावर वाचला, तोवर कार्यक्रमाची वेळ बदलून गेलेली. ती म्हणाली, “ग्रुपवर एकदा लिहायचं आणि तुझ्यासाठी परत वेगळा एसएमएस करायचा? फोन तू सोडलास की आम्ही?” उत्तर सुचलं नाही. या प्रकल्पाचा खर्च मी माझ्या वहीत मांडत होतो, त्यातला एक भाग तिच्या खात्यावर पडत होता. तोडगा असा निघाला की ज्याला वेळेची घाई आहे त्याने कॉल करायचा, आणि मी पहिल्या रिंगला उचलायचा. महिनाभर पाळून बघू.

२ मार्च

मेमरी कार्ड. ६४ जीबीचं घातलं, फोन म्हणाला कार्ड नाही. हा फोन ३२ जीबीपर्यंतच घेतो आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलंच वाचतो. जुनं १६ जीबीचं सापडलं, चाललं. रेडिओला वायरचे इअरफोन लावावे लागतात, वायर हाच त्याचा अँटेना.

९ मार्च

अनोळखी पत्त्यावर गेलो. निघण्याआधी संगणकावर नकाशा पाहून वळणं चिठ्ठीवर लिहिली: तिसरं डावं, पूल, मग दुसरं उजवं. पुलाआधी एक वळण रस्त्याच्या कामासाठी बंद, आणि तिथून चिठ्ठीचा उपयोग संपला. चार जणांना विचारलं, तिघांनी आपापले फोन काढून नकाशा दाखवला. वीस मिनिटं उशीर. आता चिठ्ठीवर वळणांसोबत मुक्कामाजवळची एखादी ठळक खूण आणि तिथल्या माणसाचा नंबर लिहितो.

१६ मार्च

सहा आठवडे झाले. वहीतली बेरीज: दोन फोन, दोन अडॉप्टर (एक कापला गेला), जादाचं सिम, बुडालेलं तिकीट. वेळ सुमारे २७ तास, त्यातले निम्मे सिम हलवण्याआधीचे.

पहिल्या दिवशीचा कागद पुन्हा केला, दोन दिवस. फोन अकरा वेळा बाहेर काढला, ‘उगाच’ एकदाच, तोही वेळ बघायला. पण संगणकावर रात्री पावणेदोन तास जातात, जे आधी जात नव्हते. त्याचं काय करायचं, ठरलेलं नाही. बँकेच्या मंजुरीसाठी घरी यावं लागतं, हेही सुटलेलं नाही.

बॅटरी पाच दिवस पुरते. आज संपत आली, आणि चार्जर कुठे ठेवला होता ते गेला अर्धा तास आठवतोय.